दोन पाळ्यांमधलं चाक

"बाबा, तुमचा आणि आईचा घटस्फोट झालाय का?"

बाबांच्या एका गालावर फेस होता आणि दुसऱ्या गालावर अजून झोप. दुपार कलली होती, म्हणजे बाबांची सकाळ झाली होती. हातात वस्तरा असलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत हे भोंगाला कळत नव्हतं असं नाही. पण शाळेच्या जिन्याखाली तिघी मैत्रिणींनी तिला चांगलंच डिवचलं होतं. त्यातली एक, जिला सगळी शाळा वकीलीण म्हणे, कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आम्ही तुझी आई पाहिलीय. तुझे बाबा पाहिलेत. पण दोघांना एका वेळी, एका जागी पाहिलंय असं कुणीही छातीवर हात ठेवून सांगावं! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव."

हिंमत! आणि ती भोंगाकडे मागायची! गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, तिने यंदा वादविवाद स्पर्धेत माईक बंद पडल्यावर नुसत्या गळ्याच्या जोरावर सभागृह दणाणून सोडलं होतं. भोंगा हे नाव त्या दिवसापासूनचं, आणि ती ते पदकासारखं मिरवत असे. नवा आवाज फुटलेल्या माणसाला कुठे गप्प बसावं ते चटकन उमगत नाही. तिने विचारलं.

बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि विचार केला. अगदी मनापासून विचार केला. हे भोंगाला जरा लागलं.

"माझ्या कानावर तरी काही आलेलं नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी आईला विचारून घे."

संध्याकाळी आई आली. चपला काढता काढता म्हणाली, "घटस्फोट? त्याला दोघांना एकाच दिवशी रजा काढावी लागते गं. मला कोण देतंय?"

दुसऱ्या दिवशी भोंगाने ही दोन्ही उत्तरं जिन्याखाली नकलांसकट सादर केली. तिघी हसून हसून पायरीवर आडव्या झाल्या. भोंगाही हसली. पण हसता हसता तिच्या ध्यानात आलं की बाबांचं उत्तर आईला आणि आईचं उत्तर बाबांना अजून माहीतच नाही. ते पोचवायचं कामही आपल्याकडेच आहे.

कारण या घराची रीतच तशी होती. बाबा बिस्किटांच्या कारखान्यात रात्रपाळीला, आई डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणार. बाबा सकाळी अंगाला व्हॅनिलाचा वास घेऊन फाटकात शिरत तेव्हा आई बाहेर पडत असे. संध्याकाळी ती आत, तर बाबा बाहेर. दोघांना एकत्र पाहिलं होतं ते फक्त फाटकाने. तिथे दोघांचं बोलणं व्हायचं ते असं: "दूध तापवलंय." "गॅसवाला येऊन गेला." "हिला खोकला आहे." रिले शर्यतीत काठी देतात तसं ते एकमेकांच्या हातात घर देत, आणि ती काठी म्हणजे बहुतेक वेळा भोंगा. आईची सुट्टी रविवारी, बाबांची मंगळवारी. घरात माणसं तीन, पण हजर कायम दोनच. जेवायच्या टेबलाला खुर्च्या मात्र हौसेने तीन घेतल्या होत्या. तिसरीवर इस्त्रीचे कपडे बसत. वर्षानुवर्षं एका कपड्यांच्या ढिगाबरोबर जेवल्यावर माणसाला त्या ढिगाबद्दलही आपुलकी वाटू लागते, ही गोष्ट वकिलिणीला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

म्हणून भोंगाने वेगळंच काही सांगितलं. "या सुट्टीत आम्ही तिघं आमच्या कॅरव्हॅनमधून फिरायला जाणार आहोत. फोटो पाठवीन. तिघांचा."

आता ही कॅरव्हॅन. भोंगा अगदी लहान असताना बाबांनी हौसेने घेतलेली, गाडीमागे जोडून न्यायची, दोन चाकांची पांढरी खोली. आत पलंग, ओटा, घडीचं टेबल. घरात तिला डबा म्हणत. घेतल्यावर हा डबा एकदाच प्रवासाला गेला, आणि परत आला तो फाटकाबाहेर, घराच्या भिंतीला लागून जो बसला तो बसलाच. भोंगाला मात्र तो फार उपयोगी पडला. बाबा दिवसा झोपत, घरात आवाज करायची बंदी, म्हणून ती डब्यात जाऊन भाषणाचा सराव करी. समोर दोन रिकामी बाकं. तिच्या त्या दणाणून सोडणाऱ्या आवाजाला पहिले श्रोते ती दोन बाकं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत.

थाप मारून भोंगा घरी आली, तर डब्याच्या दारावर लाल कागद चिकटवलेला. वॉर्ड ऑफिसचा. 'सदर वाहन न हलणारे व बेवारस दिसत असल्याने शनिवारी उचलून नेण्यात येईल.'

भोंगाने वाकून पाहिलं. डाव्या बाजूचं चाक पार बसलेलं, टायरला तळहाताच्या रेषांसारख्या चिरा. न हलणारे, हे एक वेळ मान्य. पण बेवारस?

ती तशीच दप्तरासकट वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी गेली. खिडकीतले साहेब चष्म्याला फुंकर घालत होते.

"गाडी आमची आहे," ती म्हणाली. "बेवारस नाही. आत मी असते."

"हलते का?"

"चाक बदललं की हलेल."

"मग इथे आवारात आणून दाखवा. हललेली दिसली की कागद रद्द."

"आणि चाक बदललं नाही तर?"

"मग हलत नाही. म्हणजे आमचा कागद बरोबर." साहेबांनी चष्मा लावला आणि संगणकात पाहिलं. "मालकी दोघांच्या नावावर आहे. दोघांनी हजर राहायचं."

"आई सकाळी आणि बाबा दुपारी आले तर?"

"हजर म्हणजे एका वेळी हजर."

"साहेब, तेच तर जमत नाही आमच्याकडे."

"ते तुमचं घरगुती," साहेब म्हणाले आणि खिडकी ओढून घेतली.

टायरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "घेऊन या की दुकानात." चाक बसलेली गाडी दुकानात कशी न्यायची, यावर तो म्हणाला, "चाक बसवून आणा, मग चाक बदलून देतो." खरं तर माणूस बोलवायला हरकत नव्हती. पण बाबांचा स्वाभिमान दुखावला. "स्टेपनी पलंगाखाली आहे. जॅक आहे. पाना आहे. आणि मी आहे," ते म्हणाले. चार गोष्टींपैकी तीन पक्क्या होत्या.

भोंगाने आधी मोबाईलवर माहिती काढली. व्हिडिओतला माणूस शांतपणे सांगत होता: जमीन सपाट आणि टणक हवी. कॅरव्हॅन गाडीला जोडलेली हवी, दोन्हींचे हँडब्रेक ओढलेले हवेत. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढूनमागून ठोकळे. जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच, नट थोडे सैल करायचे. वर उचललेल्या गाडीत कुणी बसायचं नाही, खाली कुणी शिरायचं नाही. "आणि हे काम," तो शेवटी हसून म्हणाला, "कधीही एकट्याने करू नका. घरातल्या मंडळींना हाक मारा." भोंगाने मोबाईल बंद केला. तो माणूस उगाचच खासगीत शिरत होता.

पहिल्या दिवशी बाबा आणि भोंगा शाळा सुटल्यावर कामाला लागले. नुसता जॅक बाहेर काढला, तर सगळी गल्ली जमली. शेजारचे कर्नल आले. कर्नल हे आयुष्यभर पोस्टात होते, पदवी मिशांची. ते डब्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "जॅक कशाला? कोपऱ्याकोपऱ्याला हे चार टेकू दिलेत ना कंपनीने, ते कशाला? फिरवा हँडल, उचला डबा!"

"कर्नलकाका, ते डबा डुलू नये म्हणून असतात. उचलायला नसतात. व्हिडिओत सांगितलंय."

"व्हिडिओवाला इथे आहे का? मी आहे."

बाबा मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत. त्यांनी टेकूचं हँडल फिरवलं. डबा केसभर उचलला गेला, कर्नलांची मिशी वीतभर, आणि मग 'कुईंऽऽ' असा आवाज होऊन टेकूने गुडघा वाकवला. पुन्हा सरळ व्हायची त्याची काही इच्छा दिसेना.

"हलक्या प्रतीचं लोखंड," कर्नल म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने घरी जाऊन आले.

मग रीतसर काम. गाडी जोडली, हँडब्रेक ओढले, पलीकडच्या चाकाला पुढूनमागून विटा लावल्या. बाबांनी पाना लावून नट सैल केले. नट इतके गंजलेले की बाबा पान्यावर उभे राहिले, मग पान्यावर उड्या मारल्या, मग भोंगाला खांद्याला धरून दोघांनी एकदम उड्या मारल्या. हे मात्र व्हिडिओत नव्हतं. शेवटचा नट 'कट्' करून सुटला तेव्हा टाळ्या पडल्या. भोंगाने वळून पाहिलं, टाळ्या समोरच्या काकूंच्या होत्या. बाबांनी एक्सलखाली जॅक लावला आणि दांडा मारायला सुरुवात केली. डबा उचलला जाऊ लागला. इतक्यात आतून आवाज आला.

"पडदे धुवायला हवेत हं हे!"

समोरच्या काकू आत होत्या. टाळ्या वाजवून झाल्यावर, डबा उचलला जातोय हे बघायला कुठली जागा सगळ्यात चांगली, असा विचार करून त्या डब्यातच जाऊन बसल्या होत्या.

"काकू, खाली उतरा!" भोंगाने असा काही आवाज लावला की दोन गल्ल्यांपलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. काकू उतरल्या, पण दुखावल्या. "मी काय इतकी जड आहे?" असं त्यांनी बाबांना विचारलं, आणि या प्रश्नाचं कुठलंही उत्तर सुरक्षित नसल्यामुळे बाबांनी घड्याळात पाहिलं. कारखान्याची वेळ झाली होती. जॅक उतरवला. नट सैल करून ठेवले. "उद्या फक्त उचलायचं आणि बदलायचं," बाबा म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नटाला पाना लावला, तर नट घट्ट.

"काल सैल केले होते ना आपण?"

"केले होते."

"पुन्हा गंजले एका रात्रीत?"

पुन्हा उड्या. पुन्हा घाम. ठोकळ्यांच्या विटाही जागेवर नव्हत्या. त्या कुणीतरी नीट रचून कुंपणाशी ठेवलेल्या. कर्नल म्हणाले, रात्री चोर आले असणार. नट घट्ट करून जाणारा चोर त्यांनी पोस्टाच्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, पण जग बदलतंय. चौकशीत वेळ गेला. बाबांची पाळी आली.

त्या संध्याकाळी भोंगा खिडकीत अभ्यासाला बसली होती. बाबा गेले, आई आली. आई फाटकात शिरण्याआधी डब्यापाशी थांबली. वाकली. एकेक नट बोटाने हलवून पाहिला आणि "अगं बाई" म्हणाली. मग पाना घेऊन, पदर खोचून, एकेक नट दात ओठ खाऊन आवळला. वाटेत कुणी अडखळू नये म्हणून विटा उचलून कुंपणाशी रचल्या. हात झटकले. आणि आत येऊन म्हणाली, "तुझे बाबा कामं अर्धवट टाकतात बघ. रोज नट सैलच ठेवून जातात. बरं झालं माझं लक्ष असतं. कुणाच्या अंगावर चाक आलं असतं म्हणजे?"

भोंगाने तोंड उघडलं. तिला वाटलं आता हसू येणार. पण हसू आलं नाही. घामाघूम होऊन बाबा रोज सैल करत होते आणि आई काळजीने रोज आवळत होती. दोघंही बरोबर होते. दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आणि अख्ख्या घरात ही गोष्ट माहीत असलेली व्यक्ती एकच होती, तिच्या पुढ्यात भूगोलाचं पुस्तक होतं, आणि समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे.

"आई," ती म्हणाली, "शनिवारी अर्धी रजा काढ."

"कशाला?"

"डबा नेणार आहेत. वाचवायचा असेल तर तिघं लागतील. एक जॅकला, एक गाडीत ब्रेकवर, एक लक्ष ठेवायला. मी कितीही ओरडले तरी मी एकच आहे." नटांचं मात्र तिने मुद्दाम सांगितलं नाही; निरोप पोचवायचं काम आता तिला नको होतं.

आई दवाखान्यात फोन लावायला उठली.

शनिवारी सकाळी बाबा कारखान्यातून आले तेव्हा आई फाटकातून बाहेर पडली नाही. बाबा सवयीने बाजूला सरकून तिला वाट देऊन उभे. ती जाईचना. दोघं फाटकात अवघडून उभे राहिले, लग्नाच्या हॉलमध्ये ओळख न पटलेल्या पाहुण्यांसारखे.

"दूध तापवलंय," आई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

पुढे काय बोलायचं असतं हे दोघांनाही आठवेना. शेवटी भोंगानेच पाना बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो नटाला लावला आणि उड्या मारायला सुरुवात केली. आई बघत राहिली. "अहो, सैल काय करताय? मी रोज मरमरून आवळते!"

बाबा पान्यावरून खाली उतरले. "तू आवळतेस?"

"मग? तुम्ही सैल ठेवून जाता!"

"चाक काढायला सैल नको करायला?"

"मला काय स्वप्न पडतंय?"

मग बाबांना हसू फुटलं. रात्रभर जागलेल्या माणसाचं हसू फार वाईट असतं, ते थांबत नाही. आईने तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. दोघं हसत असताना भोंगा त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला कळेना की आईबाबा असे दिसतात हे आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही.

नट सैल झाले. आई पुढच्या गाडीत जाऊन ब्रेकवर पाय देऊन बसली. विटा लागल्या. बाबांनी जॅक लावला, चार दांडे मारले, आणि डबा वर यायच्या ऐवजी जॅक जमिनीत गेला. आदल्या रात्री कर्नलांच्या नळाचं पाणी वाहत आलं होतं. माती लोण्यासारखी झाली होती.

"जॅकखाली फळी हवी," भोंगा म्हणाली. "रुंद, जाड."

कर्नलांनी कुंपणावरून एक पुस्तक पुढे केलं. "पोस्टाची जुनी नियमावली. याच्यापेक्षा जड काही नाही." शोधाशोध झाली. घरात जाड फळी एकच होती, दारावरची सागवानी पाटी, तिघांची नावं एकाखाली एक कोरलेली. बाबांनी ती काढून आणली, पण खाली ठेवायला त्यांचा हात धजेना. गाडीतून आईने मान बाहेर काढली. "ठेवा हो! नुसती नावंच तर आहेत." मग काय वाटलं कुणास ठाऊक, हळूच म्हणाली, "उलटी ठेवा."

पाटी उलटी ठेवली, नावं मातीत. तिच्यावर जॅक. भोंगा जरा दूर उभी राहून हुकूम सोडू लागली. "काकू, लांब! कर्नलकाका, सल्ला नको! बाबा, हात आत घालू नका! आई, पाय काढू नकोस!" डबा कण्हत कण्हत उचलला गेला. चाक जमिनीपासून सुटलं. जुनं निघालं, स्टेपनी चढली, नट हाताने बसवले, डबा खाली आला, आणि मग समोरासमोरचे नट एकेक करून पक्के आवळले. आवळायला आई. तिच्याइतका सराव कुणालाच नव्हता.

वॉर्ड ऑफिसच्या आवारात डबा शिरला तेव्हा साहेब खिडकी बंद करायच्या बेतात होते. आईबाबा खिडकीशी शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. भोंगा मुद्दामच तिथे गेली नाही.

"मालक दोघं?" साहेब.

"हो," दोघं.

"पत्ता एकच?"

"एकच."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग एका वेळी यायला एवढे आढेवेढे कशाला?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने खिडकीच्या गजाकडे. साहेबांनी शिक्का मारला. भोंगाला एकदम वाटलं की घटस्फोट झालाय का, हा प्रश्न अगदीच पोरकट होता. त्यापेक्षा हा दुसरा प्रश्न कितीतरी वाईट.

परत येताना एका मोकळ्या मैदानाशी बाबांनी गाडी थांबवली. नवीन बसवलेल्या चाकाचे नट थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तपासायचे असतात, हे भोंगाने सांगून ठेवलं होतं. ती पाना घेऊन उतरली. एकटीने, एकेक नट, समोरासमोर. आत येऊन बघते तर आईबाबा घडीच्या टेबलाशी बसलेले, एक या बाकावर, एक त्या. तीच दोन बाकं. आईने थर्मास उघडला होता.

"बाबांना विचार, साखर हवी का," आई म्हणाली.

"आईला सांग, नको," बाबा म्हणाले.

"बाबा, आई समोर बसलीय तुमच्या!"

दोघं दचकले. मग ओशाळून हसले. चहा कपात पडल्याचा आवाज झाला, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, आणि बोलणं काही सुरू होईना. तिघंही एका जागी होते आणि तिघांनाही काय करावं समजत नव्हतं. भोंगाच्या खिशात मोबाईल होता. फोटो काढायचा होता, वकिलिणीला पाठवायचा होता. तिने खिशातून हात काढून घेतला.

"तुम्ही दोघं एका पाळीत का नाही जात?"

आईने कप खाली ठेवला. "तू लहान होतीस. एकदा आम्ही दोघंही दिवसपाळीला होतो. परत आलो तर तू दाराला तोंड लावून बसली होतीस. रडून रडून आवाज गेला होता तुझा. तीन दिवस बोलली नाहीस."

"मग आम्ही ठरवलं," बाबा म्हणाले, "की ही कधी एकटी राहता कामा नये. एक जण कायम घरात."

"आणि मग?"

"मग काय? तसंच चाललं," आई म्हणाली. "मोडायचं राहून गेलं."

भोंगा दारात उभी होती, हाताला काळं ग्रीस. तिच्यासाठीच केलं होतं सगळं. तिला एकटं वाटू नये म्हणून दोघं इतकी वर्षं एकमेकांवाचून जेवले होते, आणि तरीही तिला वाटायचं ते वाटतच होतं. हे सांगावं की नाही? आवाज इतका मोठा असून काही उपयोग नव्हता; ही गोष्ट हळूच सांगायची होती, आणि हळू बोलायची सवय मोडून फार दिवस झाले होते.

"ऐका," ती म्हणाली. "मी ठरवलंय. तुम्ही दोघांनीही दिवसपाळी मागून घ्यायची. शाळेतून आल्यावर घरात मी एकटी राहीन."

"अगं पण..." आई.

"राहीन. दार लावून घेईन, डब्यात बसेन, कर्नलकाकांचा सल्ला ऐकेन. एकटं वाटेल. आत्ताही वाटतं, आई, तुमच्यापैकी एक जण असतानाही वाटतं. पण तेव्हा संध्याकाळी तुम्ही दोघं याल. ते इस्त्रीचे कपडे कुठे ठेवायचे ते आजच ठरवा, कारण ती खुर्ची लागणार आहे." तिने पाना टेबलावर ठेवला. "आणि नट मी आवळून आलेय. आता कुणीही, काळजीपोटीसुद्धा, त्यांना हात लावायचा नाही."